डबा कंपनीचा, जबाबदारी कोणाची?

(खंडवा येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या संयुक्त सभेत रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर महागाई भत्ता आहे, रिक्त जागांचा प्रश्न आहे, क्वार्टरच्या गळक्या छपरांचा प्रश्न आहे. या सगळ्यांत ‘घरातील वायफायची सुरक्षितता’ असा एक विषय पाहून काही साथींनी आम्हाला दारातच गाठले. “सचिवसाहेब, युनियनने आता केबलवाल्याचा धंदा सुरू केला काय?” असे त्यांनी विचारले. आम्हीही हसलो. परंतु हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. आमच्या एका सभासदाला पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवसभर बसावे लागले, त्या दिवशी हा विषय युनियनच्या दप्तरात दाखल झाला. तीच हकिगत आधी सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्यात सभासदाच्या मुलीचा संबंध आहे.

आमच्या विभागातील एका लहान जंक्शनवरची ही गोष्ट. साथी ट्रॅकमन, नोकरी बावीस वर्षांची, सर्व्हिस शीटवर एक डाग नाही. मुलगी बारावीला. अभ्यासाचे व्हिडिओ पाहता यावेत म्हणून त्याने घरी नेट घेतले. केबलवाल्याच्या पोराने भिंतीला डबा ठोकला, मोबाइलवर नेट चालू करून दाखवले, चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला आणि तो निघून गेला. पासवर्ड काय, तर कंपनीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार.

पावसाळा सुरू झाला. साथी रात्रीच्या गस्तीवर होता. एके दिवशी सकाळी गस्तीवरून येऊन तो हातपाय धूत होता, तोच दोन पोलीस दारात उभे राहिले. दूरच्या शहरातील एका म्हाताऱ्या माणसाच्या बँक खात्यातून रात्री पावणेबाराला पैसे काढले गेले होते, आणि ज्या नेटवरून ते काम झाले ते कनेक्शन या साथीच्या नावावर निघाले. त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी ठाण्यावर नेले.

आम्हाला निरोप मिळताच आम्ही गेलो. जाताना हजेरीपट आणि गस्तीचे पेट्रोल बुक सोबत नेले. त्या रात्री पावणेबारा वाजता हा माणूस हातात बॅटरी घेऊन रुळांवरून चालत होता. शेजारच्या गस्तवाल्याची सही आणि दोन्ही बाजूंच्या स्टेशन मास्तरांच्या सह्या वेळेसह पेट्रोल बुकात होत्या. फौजदाराने ते पुस्तक नीट पाहिले आणि म्हणाला, “ठीक आहे, तुम्ही नव्हतात. मग त्या वेळी घरात कोण होते?” घरात बायको आणि मुलगी होती. पोलिसांच्या दृष्टीने तो प्रश्न बरोबरच होता. पण तो ऐकल्यावर आमच्या साथीला जो घाम फुटला, तो आम्ही अजून विसरलेलो नाही.

संध्याकाळी त्याला सोडले. पुढे तपासात या कुटुंबाचा काही संबंध नाही असे निघाले. मात्र तपासासाठी नेलेला मुलीचा मोबाइल तिची परीक्षा होऊन गेल्यावर परत मिळाला. त्याची भरपाई कोण करणार?

आम्ही नेट पुरवणाऱ्याच्या कचेरीत गेलो. उत्तर मिळाले की फॉर्मवर ग्राहकाची सही आहे, कनेक्शनच्या वापराची जबाबदारी ग्राहकाची आहे. तो फॉर्म इंग्रजीत, बारीक टायपात होता. मग आम्ही कॉलनीत घरोघर फिरलो. अडतीस क्वार्टरांत त्याच केबलवाल्याचे नेट होते आणि अडतीसही डब्यांना पासवर्ड एकच. म्हणजे एका घरचा पासवर्ड ज्याला कळला, त्याला अडतीस घरे मोकळी. आणि साथींनो, खरे ते सांगायला हवे, एकोणचाळिसावा डबा आमच्या युनियन ऑफिसात होता आणि त्यालाही तोच पासवर्ड होता.

नोकरीवर काय बेतू शकते

आता तुम्ही म्हणाल, पोलिसांनी दिवसभर बसवले आणि सोडले, एवढेच ना? तेवढ्यावर निभावले म्हणून ठीक. आपण सरकारी नोकर आहोत. रेल्वे कर्मचारी शिस्त व अपील नियम, १९६८ मधील नियम ५ असे सांगतो की कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त काळ अटकेत राहिला, तर तो अटकेच्या तारखेपासून निलंबित झाला असे मानले जाते. त्याने गुन्हा केला की नाही, हे तिथे पाहिले जात नाही. टपाल खात्यातील साथींना १९६५ च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांतील नियम १० तसाच लागू आहे. ग्रामीण डाकसेवकाला तर ‘पुट ऑफ ड्युटी’ची टांगती तलवार नेहमीचीच. नंतर निर्दोष ठरलात तरी अर्ध्या पगारावर काढलेले महिने, थांबलेली बढती आणि शेजाऱ्यांच्या नजरा या गोष्टी भरून येत नाहीत.

आणि असे प्रसंग आपल्याकडे पूर्वीही घडले आहेत. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल गेला. तपासयंत्रणा त्या ई-मेलचा माग काढत पोहोचली ती नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी. त्याच्या घरचे वायफाय उघडे होते आणि त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच कोणी ई-मेल धाडला होता. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता, पण ते सिद्ध होईपर्यंत त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला, घरातले संगणक तपासले गेले, वर्तमानपत्रांत नाव छापून आले. पुढच्या महिन्यात माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे वायफाय असेच वापरले गेले आणि सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचे. त्यानंतर २००९ साली दूरसंचार खात्याने नेट पुरवणाऱ्या कंपन्यांना सुरक्षित वायफायबाबत सूचना काढल्या. सूचना निघाल्या, फायलीला लागल्या, आणि आमच्या कॉलनीत अडतीस घरांना एकच पासवर्ड राहिला.

यातली गोम अशी आहे. तुमच्या घरी पाच मोबाइल असोत की पन्नास, बाहेरच्या जगाला ते सगळे एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. कंपनीच्या नोंदीत कनेक्शन कोणाच्या नावावर आहे तेवढे असते. भिंतीपलीकडे बसून कोणाचा मोबाइल त्या डब्याला जोडला होता, हे त्या नोंदीत येत नाही. म्हणून पोलीस आधी तुमच्याच दारी येतात.

एका डब्याला दोन कुलपे

आम्ही काही इंजिनिअर नाही. मॅट्रिक झालो आणि रेल्वेत लागलो. हे सारे आम्हाला सिग्नल व दूरसंचार खात्यातील आमच्या साथींनी चार संध्याकाळी बसून शिकवले. त्यांनी जसे समजावले तसेच तुम्हाला सांगतो.

त्या डब्याला राउटर म्हणतात, कोणी मोडेम म्हणतात. त्याला दोन कुलपे असतात आणि बहुतेकांना एकच ठाऊक असते. पहिले कुलूप म्हणजे वायफायचा पासवर्ड, जो आपण पाहुण्यांना सांगतो. ते अंगणाच्या फाटकाचे कुलूप समजा. दुसरे कुलूप डब्याच्या आतल्या व्यवस्थेचे. ते उघडले की वायफायचा पासवर्ड बदलता येतो, नेटची दिशा बदलता येते, डबा बंदही पाडता येतो. ते रिले रूमचे कुलूप समजा. सिग्नलवाल्यांना आणि स्टेशन मास्तरांना माहीत आहे की रिले रूमला दोन कुलपे असतात, एकाची चावी स्टेशन मास्तरांकडे आणि दुसऱ्याची सिग्नलवाल्याकडे, आणि दार उघडले की रजिस्टरमध्ये नोंद होते. आपल्या घरच्या डब्याचे हे आतले कुलूप मात्र कारखान्यातून जसे आले तसेच असते. नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. असे लाखो डबे देशोदेशी बसवले गेले.

गाडीच्या डब्यांच्या दारांची चावी आठवा. एकच चावी साऱ्या गाडीला लागते. म्हणून ती टीसीकडे असते, अटेंडंटकडे असते आणि फेरीवाल्याच्या खिशातही सापडते. याच्या उलट एकेरी लाइनवरचा टोकनचा गोळा पाहा. एका सेक्शनचा गोळा शेजारच्या सेक्शनच्या यंत्रात बसतच नाही. चुकून दुसऱ्या सेक्शनचा गोळा हातात आला तरी त्यावर गाडी सोडता येऊ नये, हा विचार आपल्या रेल्वेने फार पूर्वी केला. घराघरांत डबे बसवणाऱ्यांनी तो केला नाही.

जगात काय घडले

२०१६ साली अमेरिकेतील काही तरुणांनी ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम तयार केला. त्यात फार मोठी विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठएक जोड्यांची यादी त्यात होती. तो नेटवर घरोघरचे कॅमेरे आणि राउटर शोधत फिरायचा आणि यादीतील चाव्या एकेक लावून पाहायचा. जे उघडले ते ताब्यात. अशी लाखो यंत्रे त्याने गोळा केली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील डिन या कंपनीवर एकाच वेळी मारा केला आणि ट्विटरसारख्या मोठमोठ्या सेवा तासन् तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातील यंत्रांनी हा मारा केला, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढच्याच महिन्यात जर्मनीत डॉइच टेलिकॉम या कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर आडवे झाले. नेट गेले, फोन गेला, काहींचा टीव्हीही गेला. मिराईचाच एक सुधारलेला अवतार कंपन्यांनी ठेवलेल्या मागच्या दाराने शिरू पाहत होता. हे मागचे दार समजून घ्या. कंपनीला आपल्या कचेरीत बसून तुमच्या डब्यात दुरुस्ती करता यावी म्हणून एक व्यवस्था असते, तिला टीआर-०६९ म्हणतात. ते दार कंपनीपुरते असायला हवे. ते साऱ्या जगाला उघडे राहिले. जर्मनीतील डब्यांत चोर शिरू शकला नाही, पण दार इतके ठोठावले गेले की डबेच बंद पडले.

टपाल खात्यातील साथींनी पुढची गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटनमध्ये त्या काळी पोस्ट ऑफिसच्या नावाने घरोघरी ब्रॉडबँड दिले जात असे. जर्मनीपाठोपाठ तिथल्याही सुमारे १ लाख ग्राहकांचे नेट याच हल्ल्यात बंद पडले. हे करणाऱ्याला २०१७ च्या फेब्रुवारीत लंडनजवळ विमानतळावर पकडले आणि त्याच वर्षी कोलोनच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. पण त्याच्या अटकेने कुठले डबे सुरक्षित झाले नाहीत.

आपल्या देशातही हे घडले आहे. २०१७ च्या जुलै अखेरीस बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम अचानक मेल्यासारखे झाले. साठ हजारांच्या आसपास मोडेम बंद पडल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. ज्यांनी कारखान्यातला पासवर्ड बदलला नव्हता त्यांचे मोडेम गेले आणि ग्राहकांनी पासवर्ड बदलावा असे आवाहन बीएसएनएलने केले. आवाहन योग्यच होते. पण हा सल्ला मोडेम बसवतानाच का दिला गेला नाही? हल्ल्यानंतर रोज काउंटरवर शिव्या कोणी खाल्ल्या असतील, हे दूरसंचारच्या साथींना विचारा. धोरण वरचे ठरवतात, तोंड द्यावे लागते ते काउंटरवरच्या आणि लाइनवरच्या कामगाराला.

हे झाले नेट बंद पडण्याचे. नेट चालू ठेवून लुटण्याचा प्रकार त्याहून वाईट. २०११ च्या सुमारास ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेमांत चोरांनी शिरकाव केला. डबे चालूच ठेवले, फक्त त्यातली एक नोंद बदलली. ती नोंद कशाची, हे टपालाच्या उदाहरणाने सांगतो. आपण मोबाइलवर बँकेचे नाव टाकतो, तेव्हा त्या नावाचा खरा पत्ता शोधून देणारी एक व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. आरएमएसमध्ये एखाद्याने पिशवीचे लेबल बदलले तर काय होईल? पत्रावरचा पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, पण पिशवी भलत्याच ठिकाणी जाऊन पडेल. ब्राझीलमध्ये तसेच झाले. लोकांनी बँकेचे नाव बरोबर टाकले, पण डब्याने त्यांना हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर नेले आणि तिथे लोकांनी आपल्या हाताने पासवर्ड भरले. हल्ली बँकांच्या खऱ्या पानांना ओळखपत्रासारखे प्रमाणपत्र असते आणि ते जुळले नाही तर मोबाइल ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. अशा इशाऱ्याला ‘ठीक आहे’ म्हणून पुढे जाऊ नका.

आता विचार करा. आपली पगारपावती, आपला पास, भविष्य निर्वाह निधीचा अर्ज, सारे मोबाइलवर आले. रेल्वेत एचआरएमएस आले, टपाल खात्यात पेमेंट्स बँक आली. कित्येक ग्रामीण डाकसेवकांची शाखा त्यांच्या राहत्या घरीच भरते. सिमचे नेट गेले की हात घरच्या वायफायकडे जातो. व्यवस्थापनाने कागद बंद केले, पण ज्या वाटेने हे सारे आता येते-जाते, त्या वाटेची देखभाल कोणाकडे, हे मात्र ठरवले नाही.

घरी गेल्यावर काय करायचे

साथींनो, नुसती भीती घालून घरी पाठवणे हे युनियनचे काम नव्हे. पुढील गोष्टी अर्ध्या तासात होतात. आपल्याला जमत नसतील तर मुलांना जवळ बसवा, पण समोर बसून करून घ्या.

१) दोन्ही कुलपे बदला. डब्याच्या तळाशी स्टिकर असतो. त्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा एक आकडा असतो. वायफायला जोडलेल्या मोबाइलवर, वेबसाइटचे नाव टाकतो त्या जागी, तो इंग्रजी अंकांत टाकला की डब्याचे आतले पान उघडते. तिथे वायफायचा पासवर्ड बदला आणि डब्याचा स्वतःचा पासवर्डही बदला. दोन्ही वेगवेगळे ठेवा.

२) पासवर्ड लांब ठेवा, निदान बारा अक्षरांचा. मोबाइल नंबर, पीएफ नंबर, मुलांची नावे, क्वार्टर नंबर नकोत. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, जसे विहीर, कंदील, गूळ, पायरी. हे चार मात्र वापरू नका, आज ते दोनशे जणांनी ऐकले आहेत. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलात तरी चालेल. भिंतीवर मात्र लिहू नका आणि स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

३) आतल्या पानावर सुरक्षिततेचा प्रकार पाहा. डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावा. ‘ओपन’ किंवा ‘वेप’ असेल तर लगेच बदला. वेप हे कुलूप २००१ सालीच फुटले आहे.

४) डब्ल्यूपीएस बंद करा. ही बटण दाबून किंवा आठ आकड्यांचा क्रमांक देऊन जोडणी करण्याची सोय आहे. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता असे वाटते. पण २०११ साली उघड झाले की डबा त्या क्रमांकाचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरूनच ठरतो. म्हणजे पहिल्या चार आकड्यांसाठी १०,००० आणि पुढच्या तीनांसाठी १,०००, मिळून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. यंत्राला तेवढे जड नाही.

५) ‘रिमोट मॅनेजमेंट’ अशी सोय दिसली तर बंद करा. कंपनीने ती आपल्यासाठी ठेवली असेल तर ती आपल्याला दिसणारही नाही. त्याबद्दल पुढे मागणीत बोलू.

६) आतल्या पानावर ‘अपडेट’ची सोय असेल तर ती चालू ठेवा. डबा अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करा. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएन-फिल्टर’ नावाच्या प्रोग्रामने ५४ देशांतील ५ लाखांवर यंत्रे ताब्यात घेतल्याचे उघड झाले, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले होते. त्याने रोग पुरता जात नव्हता, काही भाग निघून जात होता. म्हणून अपडेट हवेच.

७) पाहुण्यांसाठी आणि मुलांच्या मित्रांसाठी ‘गेस्ट’ची सोय असेल तर ती वापरा, तिचा पासवर्ड वेगळा ठेवा. शेजारधर्म सोडा असे आम्ही म्हणत नाही. ज्याला नेट द्याल त्याला ओळखीने द्या, एवढेच.

८) बदली झाली, क्वार्टर सोडले, डबा परत करायचा आहे, अशा वेळी आधी तो कारखान्यातल्या स्थितीला आणा. मागे टाचणी जाईल एवढे छिद्र असते, डबा चालू असताना त्यातले बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. मगच डबा परत करा. नाहीतर आपल्या नोंदी घेऊन तो दुसऱ्याच्या घरी जाईल.

आणि फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. बँकेला कळवा, युनियनला कळवा. पोलिसांकडून बोलावणे आले तर एकट्याने जाऊ नका.

ही मागणी कोणाकडे करायची

एवढे सारे आपण करू. पण सगळा भार कामगाराच्याच डोक्यावर टाकणे आम्हाला मान्य नाही. अपघात झाला की आधी पॉइंट्समनचा दोष काढायचा, सांधा किती वर्षे जुना होता ते पाहायचेच नाही, ही व्यवस्थापनाची जुनी खोड आपण ओळखतो. इथेही तेच चालले आहे. डबा कंपनीने निवडला, कंपनीने बसवला, कित्येकदा मालकीही कंपनीचीच आणि भाडेही कंपनी घेते. त्यातली काही दारे तर आपल्याला उघडताही येत नाहीत आणि लावताही येत नाहीत. मग जबाबदारी फक्त सही करणाऱ्याची कशी?

दुसऱ्या देशांत याचा विचार सुरू झाला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून असा कायदा लागू आहे की नेटला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राचा कारखान्यातला पासवर्ड वेगळा हवा किंवा पहिल्या वापराआधी तो ग्राहकाने बदलल्याशिवाय यंत्र चालू होऊ नये. ब्रिटनमध्ये २०२२ साली कायदा झाला आणि २९ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड देण्यास तिथे बंदी आहे, आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्या किती काळ मिळतील हेही विक्रेत्याला सांगावे लागते. मोडणाऱ्याला १ कोटी पौंडांपर्यंत किंवा जगभरातील उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत, यांतील जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. कंपनीला उपदेश कळत नसला तरी दंड कळतो.

जुन्या डब्यांचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने जाहीर केले की तेथील शेकडो राउटरांतून न्यायालयाच्या परवानगीने घातक प्रोग्राम काढून टाकावा लागला. त्यांतील बहुतेक राउटर इतके जुने होते की कंपनीने त्यांच्या दुरुस्त्या केव्हाच बंद केल्या होत्या. आयुष्य संपलेला डबा गाडीला जोडून पाठवला तर कॅरेजवाल्यांवर चार्जशीट निघते. घरातला आयुष्य संपलेला डबा मात्र वर्षानुवर्षे भिंतीवर लुकलुकत राहतो आणि त्याचे भाडेही चालू राहते.

म्हणून या सभेपुढे पुढील मागण्यांचा ठराव आम्ही मांडत आहोत.

१) प्रत्येक डब्याला दोन्ही कुलपांचे वेगवेगळे पासवर्ड असावेत. बसवणाऱ्या माणसाने ग्राहकासमोर ते बदलून द्यावेत आणि तशी नोंद करून सही घ्यावी.

२) कंपनीच्या दुरून दुरुस्तीच्या दारातून फक्त कंपनीलाच प्रवेश मिळावा, आणि कोण केव्हा डब्यात शिरले याची नोंद रिले रूमच्या रजिस्टरसारखी राहावी.

३) डब्याला दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील हे फॉर्मवर छापावे. ती मुदत संपली की कंपनीने डबा विनामूल्य बदलून द्यावा.

४) फॉर्म आणि सूचना ग्राहकाच्या भाषेत द्याव्यात. खंडव्यात हिंदी आणि मराठीत, हुबळीत कन्नडमध्ये, सिकंदराबादला तेलुगूत.

५) रेल्वे व टपाल कॉलन्यांत केबल टाकण्याची परवानगी देताना प्रशासनाने वरील अटी परवानगीपत्रातच घालाव्यात. रेल्वेची जमीन आणि रेल्वेच्या भिंती वापरून धंदा करणाऱ्याला अटी घालण्याचा प्रशासनाला पूर्ण अधिकार आहे. रेलटेलसारखा सार्वजनिक उपक्रम तर रेल्वे मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे आणि घरोघरी ब्रॉडबँडही देतो. तिथून सुरुवात करण्यास अडचण काय?

६) वायफायच्या गैरवापराच्या प्रकरणात कर्मचाऱ्याची चौकशी झाली, तर तो त्या वेळी ड्युटीवर असल्याचे दाखले प्रशासनाने त्याच दिवशी द्यावेत. आमच्या साथीचे पेट्रोल बुक आम्हाला त्याच सकाळी मिळाले म्हणून तो संध्याकाळी घरी आला.

पाचव्या मागणीबद्दल एक सांगतो. ज्या कॉलनीत हा प्रकार घडला, तिथे आम्ही कागदावर मागणी देऊन थांबलो नाही. अडतीस घरांतील लोकांनी मिळून केबलवाल्याला निरोप दिला की पंधरा दिवसांत दोन्ही पासवर्ड बदलून मिळाले नाहीत, तर पुढचे रिचार्ज कोणी करणार नाही. याआधी एकट्या-दुकट्याचा फोनही तो उचलत नव्हता. आठव्या दिवशी त्याची दोन पोरे आली आणि घरोघर बसून पासवर्ड बदलून गेली. सात डबे इतके जुने निघाले की ते बदलावे लागले, आणि त्यांचे पैसे केबलवाल्याने मागितले नाहीत. संघटनेची ताकद पगारवाढीच्या लढ्यापुरतीच असते असे समजू नका.

त्या ट्रॅकमन साथीच्या घरी आम्ही मागच्या महिन्यात गेलो होतो. मुलीची बारावी झाली, कॉलेज सुरू झाले आहे. घरात नवा डबा आहे. पासवर्ड आम्ही विचारला, सहज. ती म्हणाली, “काका, तो सांगायचा नसतो. तुम्हाला पाहिजे तर गेस्टचा देते.” आम्हाला बरे वाटले.

आपल्यापैकी प्रत्येकाने आज घरी गेल्यावर डब्याखालचा स्टिकर पाहावा. येत्या रविवारी सिग्नल खात्यातील आपले तीन साथी सकाळी दहापासून युनियन ऑफिसात बसणार आहेत. ज्यांना जमणार नाही त्यांनी डब्याचा नंबर लिहून घेऊन यावे, गरज पडली तर साथी घरी येतील. हे काम पुढच्या सभेपर्यंत प्रत्येक कॉलनीत पुरे व्हावे आणि किती घरे झाली याचा अहवाल शाखांनी पाठवावा, एवढी विनंती करून, ठराव आपण टाळ्यांनी नव्हे तर हात वर करून मंजूर करावा असे सुचवून, आम्ही आमचे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!